विरंगुळ्याची निवड

(पालक, शिक्षक आणि ग्रामवाचनालयांचे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेडणे आणि डिचोली या तालुक्यांची नाटकाची आवड साऱ्या गोमंतकाला ठाऊक आहे. मांद्रे असो वा मये, कोरगाव असो वा कारापूर, जत्रेच्या दिवसांत देवळापुढे रंगमंच उभा राहतो. दिवसभर शेतात, कचेरीत किंवा दुकानात राबणारा माणूस रात्री राजाचा अंगरखा चढवून उभा राहतो. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्या येतात तेव्हा पेटी, मृदंग आणि झांजा यांच्या साथीवर पहाटेपर्यंत आख्यान रंगते. हा सारा विरंगुळाच आहे. परंतु तो योगायोगाने घडत नाही. त्यामागे गावाने विचारपूर्वक केलेली निवड असते, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय हीच निवड होय.

जत्रेचे नाटक ठरविताना मंडळी एकत्र बसतात. दोन-चार संहिता पुढे येतात व त्यांतील एखादीचे वाचन होते. मग प्रश्न निघतात. हे नाटक कोणी पाहिले आहे काय? आपल्या माणसांना ते पेलेल काय? खर्च किती येईल? आजीपासून नातवापर्यंत सर्वांना एकत्र बसून ते पाहता येईल काय? किती वाजता संपेल? ही उत्तरे समाधानकारक मिळाल्यावरच तालमी सुरू होतात. कोणाच्याही शिकवणीवाचून पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ही रीत म्हणजे निवडीचे एक संपूर्ण शास्त्रच आहे. खेद एवढाच, की जत्रेच्या एका रात्रीसाठी इतका विचार करणारे तेच घर उरलेल्या रात्रींचा विरंगुळा मात्र कोणताही विचार न करता हातातील मोबाईलवर सोपवून देते.

विपुलतेची अडचण

पूर्वी अडचण दुर्मिळतेची होती. गावात पुस्तक येणे हीच अपूर्वाई होती आणि चित्रपट पाहण्यासाठी पायपीट करावी लागे. आजची अडचण नेमकी उलट आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाचे साधन म्हणून मोबाईल घराघरांतील मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या. मोबाईल मात्र हातातच राहिला. त्यात लक्षावधी चित्रफिती, शेकडो चित्रपट आणि असंख्य खेळ आहेत. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. ती कोणती असावी हे पाहणारा ठरवीत नाही. त्याने पूर्वी काय पाहिले याची नोंद ठेवणारी यंत्रणा ठरविते. पाहणारा अधिकाधिक वेळ पडद्यापुढे बसून राहावा हा त्या यंत्रणेचा हेतू असतो, कारण जाहिरातींचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते.

नाटकाला शेवट असतो. पडदा पडतो, मंडळी उठतात आणि वाटेने त्याच नाटकाविषयी बोलत घरी जातात. मोबाईलवरील करमणुकीला असा पडदा नाही. तो पाहणाऱ्यालाच पाडावा लागतो. म्हणून निवड याचा अर्थ केवळ ‘काय पाहावे’ एवढाच नसून ‘कोठे थांबावे’ असाही आहे.

यात पणाला लागलेल्या गोष्टी लहान नाहीत. पहिली गोष्ट मुलांचा वेळ आणि झोप. दुसरी कष्टाने मिळविलेला पैसा. तिसरी गोष्ट भाषा. मराठी असो वा कोंकणी, जी भाषा मुले केवळ ऐकतात पण वाचीत नाहीत, ती त्यांच्या हातून हळूहळू निसटते. चौथी गोष्ट घरातील सहवास. एका छपराखाली चार माणसे चार पडद्यांपुढे बसली, तर त्यांच्यापाशी एकत्र हसण्याजोगे काहीच उरत नाही.

ग्रंथ : गोमंतकाचा जुना वारसा

ग्रंथांच्या बाबतीत गोमंतकाचा वारसा असामान्य आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याही पूर्वी, १५२६ मध्ये, कृष्णदास शामा यांनी ‘श्रीकृष्णचरित्र’ रचिले. १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय आज त्याच कृष्णदास शामा यांच्या नावाने राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून पाटो येथे उभे आहे आणि त्यात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पेडणे व डिचोली हे प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अंमलाखाली आले, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. कीर्तन, पोथी आणि नाटक यांच्या आश्रयाने येथे मराठी टिकून राहिली. मुक्तीनंतर गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील साक्षरतेचे प्रमाण ८८.७० टक्के होते. वाचता येते की नाही हा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. काय वाचावे आणि ते आनंदाने कसे वाचावे, हा प्रश्न शिल्लक आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की ‘चांगले पुस्तक’ असे सर्वांसाठी एकच नसते. सहावीतील ज्या मुलाला क्रिकेटवाचून दुसरे काही सुचत नाही, त्याच्या हाती एकदम जाडजूड चरित्र दिले तर ते पुस्तकही वाया जाते आणि तो वाचकही. त्याला आधी खेळाडूची छोटी कथा द्यावी. चरित्राकडे तो पुढे स्वतःच येईल.

मुलांनी वाचावे म्हणून धाक दाखविण्याचा मार्ग बहुधा फसतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची एक यादी प्रसिद्ध केली. पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि आवडलेले पुन्हा वाचण्याचा हक्क तिच्यात आहे. शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा. पुस्तकाची दहा पाने वाचूनही मन लागले नाही, तर ते परत करून दुसरे घेण्याची मुलाला मोकळीक असावी. ‘मागचे पूर्ण केल्याशिवाय पुढचे मिळणार नाही’ हा नियम कपाटाचे रक्षण करतो, वाचकाचे नाही.

निवडीसाठी साहित्य दूर शोधावयास नको. महाराष्ट्रातील बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर व मोबाईलवर विनामूल्य वाचावयास मिळतात. साहसाची आवड असलेल्या मुलांना भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे भेटवावा. ‘हे कसे घडते’ असे सतत विचारणाऱ्यांना डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा द्याव्यात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती एकट्याने वाचण्यापेक्षा घरात मोठ्याने वाचली तर अधिक पोचते. डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातील आंबेडे या खेड्यात जन्मलेले पं. महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ सिद्ध केला आणि गोमंतकीय जीवनावर कथाही लिहिल्या. आपल्या शेजारच्या गावातील माणूस एवढे कार्य करू शकला, हे मुलांना कळणे म्हणजेच अर्धे वाचन होय. ‘मराठी विश्वकोश’ आता संगणकावर खुला आहे आणि ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांतील चित्रकथा फुकट मिळतात. मोबाईल हा वाचनाचा शत्रूच असतो असे नाही. त्यावर काय उघडले जाते यावर ते ठरते.

चित्रपट : प्रमाणपत्र वाचावे, नंतर बोलावे

चित्रपटाच्या निवडीत पहिली पायरी प्रमाणपत्राची आहे. पूर्वी ‘यूए’ या एकाच वर्गात सात वर्षांच्या मुलाला चालणारा आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही जड जाणारा असे दोन्ही चित्रपट येत. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली आणि या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग करण्यात आले. घरी मोबाईलवर किंवा दूरदर्शन संचावर दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटमालिकांनाही २०२१ च्या नियमांनुसार अशीच वयोमर्यादा दर्शवावी लागते आणि तेरा वर्षे व त्यावरील गटाच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ही सोय बहुतेक घरांत वापरलीच जात नाही. शाळेच्या पालकसभेत हे कुलूप कसे लावावे एवढे एकच प्रात्यक्षिक दाखविले, तरी त्या सभेचे सार्थक होईल.

परंतु प्रमाणपत्र हा केवळ उंबरठा आहे. अमुक चित्रपट अयोग्य नाही एवढेच ते सांगते. तो रसपूर्ण आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी पुन्हा जत्रेचीच रीत हवी : कोणी पाहिला आहे, आणि पाहून तो काय म्हणाला? पंढरपुरातील दोन भावंडांची सायकल वाचविण्याची धडपड सांगणारा ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ चा चित्रपट तीन पिढ्यांना एकत्र बसून पाहता येतो. २००४ चा ‘श्वास’ कोकणातील आजोबा आणि नातू यांची कथा सांगतो. त्यात रडू येते. पण ते रडू माणूस मोठा करणारे आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. महादेवशास्त्रींच्या कथांवरून ‘कन्यादान’ आणि ‘मानिनी’ हे चित्रपट निघाले. कथा आधी वाचून चित्रपट नंतर पाहणे, आणि दोहोंत काय बदलले ते शोधणे, हा वरच्या वर्गांसाठी उत्तम उपक्रम ठरेल. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटाच्या केंद्रस्थानी कोकणातील एक दशावतारी कलावंत आहे. पेडण्याच्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. मात्र तो पाहून घरातील मुलाला खऱ्या दशावताराला नेले, तरच त्या पाहण्याला पूर्णता येईल.

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. जगभरचे चित्रपट पेडणे व डिचोलीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर येतात, याचा लाभ शिक्षकांनी अवश्य घ्यावा. परक्या भाषेतील चित्रपट तळओळी वाचीत पाहणे हेही एक वाचनच आहे.

ॲप आणि खेळ : पाच प्रश्न

मोबाईलवरील ॲप आणि खेळ यांच्या बाबतीत पालक बहुधा दोन टोकांना जातात. काही सरसकट बंदी घालतात, तर काही ‘मूल शांत बसते ना’ म्हणून डोळे मिटून घेतात. दोन्ही मार्गांनी मुलाला निवड शिकता येत नाही. ॲप उतरवून घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारण्याची सवय घराने लावून घ्यावी.

पहिला प्रश्न, ते कोणत्या वयासाठी आहे? ॲपच्या पानावर तीन, सात, बारा, सोळा किंवा अठरा असा वयाचा आकडा दिलेला असतो. दुसरा, त्यात पैसे मागितले जातात काय? ‘फुकट’ म्हणविणाऱ्या अनेक खेळांत पुढे नाणी, रत्ने किंवा शस्त्रे विकत घ्यावी लागतात. तशी सूचनाही त्याच पानावर असते. तिसरा, ते काय काय मागते? सोंगट्यांच्या खेळाला घरातील दूरध्वनी क्रमांकांची यादी कशाला हवी? न पटणारी परवानगी नाकारावी. चौथा, त्याला शेवट आहे काय? डाव संपतो आणि हातातून ठेवता येतो तो खेळ. संपतच नाही आणि रोज न आल्यास काहीतरी गमावण्याची भीती घालतो, ते जाळे. पाचवा, खेळून उठल्यावर मूल कसे दिसते? प्रसन्न, की चिडचिडे? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पानावर नसते. ते घरातील माणसानेच पाहावयाचे असते.

अगदी लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शन केले आहे. एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ बसवू नये. त्याहून कमी असल्यास उत्तम. जेवताना मोबाईल दाखविण्याची पद्धत या दृष्टीने घातक आहे. अंगणवाडी सेविकांनी मातांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. मोठ्या मुलांतही खेळावरील ताबा सुटणे, खेळापुढे बाकी सारे गौण ठरणे आणि हानी होत असूनही तो चालू ठेवणे, ही लक्षणे दीर्घकाळ टिकली तर त्याला आजार मानले जाते. संघटनेच्या रोगवर्गीकरणात २०२२ पासून त्याची नोंद आहे. अशा मुलाला मारझोड करण्यापेक्षा वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. प्रारंभी दहा-वीस रुपये जिंकल्याचा आनंद होतो. मग गेलेले पैसे भरून काढण्यासाठी अधिक पैसे लावले जातात, आणि हा क्रम पगार किंवा मासळी-भाजीच्या विक्रीचे पैसे संपेपर्यंत चालतो. अशा ऑनलाईन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. खेळणाऱ्यापेक्षा खेळ चालविणाऱ्यावर व त्याची जाहिरात करणाऱ्यावर या कायद्याचा रोख आहे. म्हणून फसलेल्या माणसाने लाजेपोटी गप्प बसू नये. ऑनलाईन व्यवहारात फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. विलंब जितका कमी, तितकी पैसे वाचण्याची शक्यता अधिक.

याउलट बुद्धिबळासारखा खेळ पाहावा. गोव्याच्या भक्ती कुलकर्णी यांना या खेळाने अर्जुन पुरस्कारापर्यंत नेले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुल्या गटाची विश्वचषक स्पर्धा गोव्यात भरली. एक पट, बत्तीस मोहरी आणि समोर बसणारे माणूस, एवढेच त्याला लागते. मोबाईलवरच खेळावयाचे झाले तर ‘लिचेस’ हे ॲप विनामूल्य असून त्यात जाहिराती नाहीत. मोबाईलवरचा लोकप्रिय लुडो हाही मूळचा आपल्या पचीसीचाच अवतार. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले. घरच्या सोंगट्या काढल्या तर तोच खेळ आजीबरोबर खेळता येतो. पेडण्याला लागून असलेल्या सावंतवाडीत दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवितात. दहा अवतारांचे दहा रंग आणि एकशेवीस पाने असलेल्या त्या खेळात चित्रकला, पुराणकथा आणि स्मरणशक्ती यांचा संगम आहे. विटीदांडू, लगोरी आणि आट्यापाट्या यांना तर वीजही लागत नाही आणि पैसाही.

गावाने करावयाचे काम

निवड हे एकट्या आईबापांचे काम नव्हे. जत्रेचे नाटक साऱ्या गावाने निवडावयाचे, आणि मुलांच्या उरलेल्या रात्री मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडावयाच्या, यात संगती नाही. खर्चाच्या मोठ्या योजनेची येथे आवश्यकता नाही. पुढील तीन गोष्टी कोणत्याही पंचायतीला आणि शाळेला करता येतील.

एक, वाचनालय मुले मोकळी असतात त्या वेळी उघडे असावे. मुले शाळेत असताना उघडणारे आणि ती घरी परतताच बंद होणारे वाचनालय त्यांच्यासाठी असून नसल्यासारखेच आहे. कपाटाच्या किल्ल्या दोन जबाबदार मुलांकडे आठवड्याच्या पाळीने दिल्या, तर पुस्तके हरवण्याची जी भीती असते तिच्यापेक्षा ती वाचली जाण्याचा लाभ मोठा ठरेल.

दोन, शाळेत एक ‘निवडफलक’ असावा. आवडलेले पुस्तक, चित्रपट, ॲप किंवा खेळ याविषयी विद्यार्थ्याने त्यावर पाच ओळी लिहाव्यात : काय आहे, कोणाला आवडेल, काय खटकले, खर्च किती, वेळ किती लागतो. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावे, मत बदलू नये. मुलाच्या शिफारशीवर मुलाचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा मोठ्यांच्या उपदेशावर बसत नाही. काय खटकले हे लिहिता लिहिताच रसिकता घडते.

तीन, आठवड्यातून एक संध्याकाळ घराने एकत्रित विरंगुळ्यासाठी राखून ठेवावी. त्या दिवशी निवड पाळीपाळीने करावी. एका आठवड्यात आजोबांची, दुसऱ्या आठवड्यात मुलीची. आजोबांनी मुलीचा खेळ खेळून पाहावा आणि मुलीने आजोबांचे नाट्यपद ऐकावे. दुसऱ्याने निवडलेल्या गोष्टीत रस घेणे हे निवडीच्या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग आहे. त्या वेळी सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत आणि हा नियम प्रथम मोठ्यांनी पाळावा. बापाच्या हातात मोबाईल असताना मुलाच्या हातचे पुस्तक टिकत नाही.

विरंगुळा ही चैन नाही. श्रम करणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे आणि तो आनंदाचा असला पाहिजे. म्हणून प्रत्येक पुस्तकातून बोध आणि प्रत्येक खेळातून ज्ञान मिळालेच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मनसोक्त हसविणारे पुस्तकही चांगलेच पुस्तक होय. पाहावयाचे एवढेच, की तो आनंद आपण निवडलेला असावा, दुसऱ्या कोणी आपल्या गळ्यात मारलेला नसावा. शंभर संहितांतून एक नाटक निवडणाऱ्या, त्यासाठी रात्री तालमी करणाऱ्या आणि पहाटेपर्यंत जागून ते रंगविणाऱ्या पेडणे व डिचोलीच्या गावकऱ्यांना हे अवघड नाही. त्यासाठी लागणारी पारख गावात आधीपासूनच आहे. तिचा उपयोग जत्रेबाहेरच्या दिवसांतही व्हावा, एवढीच अपेक्षा.